आत्याबाई बोलण्याआधीची शांतता

सोमवार, ४ जून

वैमानिकांनो आणि नियंत्रकांनो, आपली तक्रार एकच आहे आणि ती जुनी आहे. यंत्र चुकते आणि जाब आपल्याला विचारतात. आसपास कोणी नसताना ते कॉकपिटमध्ये ओरडते, तुम्ही विमान झटक्यात वर घेता, मागे कोणा प्रवाशाचा दात पडतो, आणि खुलासा तुम्हीच लिहायचा! यंत्राकडे कधी कोणी खुलासा मागितला आहे?

इथवर जमले आहे. संघटनेच्या सभेला अजून महिना आहे, पण सुरुवात आतापासून घोळवलेली बरी. दात काढून टाकावा का? नको. दात लोकांच्या लक्षात राहतो.

आज नव्या यंत्रणेच्या चाचण्या सुरू झाल्या. दोन विमाने एकमेकांच्या वाटेत आली की वैमानिकाला "वर जा", "खाली जा" असे बजावणारी ही यंत्रणा. आवाज बाईचा, आणि बजावण्याची तऱ्हा अशी की वैमानिकांनी तिचे नाव आत्याबाई ठेवले आहे. जुनी आत्याबाई उगाच ओरडते. नवी खात्री पटेपर्यंत थांबते आणि मगच तोंड उघडते. ती बनवणारी कंपनी म्हणते, थांबायला हरकत नाही, कारण हाक ऐकल्यावर वैमानिक पाच सेकंदांच्या आत हालचाल करतोच. करतो की नाही, हे आमच्या चाचणी केंद्राने तपासायचे. करत असेल तर संघटना होकार देणार आणि नवी आत्याबाई खऱ्या विमानांत जाणार. पहिल्या तुकडीत माझ्या धाकट्या बहिणीचे विमान आहे. म्हणून या कामात मला कोणाचाही भरवसा नाही.

माझी जागा काचेमागे. समोर पडदा, पडद्यावर दोन ठिपके, हातात माइक. पलीकडे बनावट कॉकपिटमध्ये वैमानिक. मी नियंत्रकाचा आवाज. टॉवरमध्ये आयुष्य गेले, तेच इथे करायचे. वारा सांगते, उंची सांगते, इतर विमानांशी बोलते, तोंडाचा पट्टा चालू ठेवते, म्हणजे वैमानिकाला खरे आकाश वाटते. दुसरे विमान कधी अंगावर घालायचे ते ठरवतो आमचा गणिती. मिठाची गुळणी धरून बसलेला माणूस. मला असली माणसे आवडत नाहीत. बोलत नाही तो काहीतरी राखून ठेवत असतो.

कंपनीचा प्रतिनिधीही दिवसभर हजर. त्याचे अत्तर त्याच्या आधी जिना चढते. या डायरीत तो अत्तरवाला.

नवऱ्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "तू बोलत असलीस की घरात शांतता असते. गप्प झालीस की मी खिडक्या लावून घेतो." याला प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो.

बुधवार, ६ जून

निकाल फार चांगले आहेत. मला हे आवडलेले नाही.

माणसे इतकी चांगली नसतात. टॉवरमध्ये मी वैमानिकांना हाका मारून मारून म्हातारी झाले. दुसऱ्या हाकेला उत्तर देणारा हुशार समजायचा. आणि इथे? आत्याबाईचा शब्द पुरता व्हायच्या आत विमान वर!

आज मिशाळ कॅप्टन बसले होते. निवृत्तीला आलेला माणूस, कॉकपिटमध्ये चहाचा कप घेऊन बसतो, घरातल्या झोपाळ्यावर बसल्यासारखा. मी त्यांना वाऱ्याची दिशा सांगत होते, ते "हो ताई, हो ताई" करत होते. मग दुसरा ठिपका जवळ आला. अशा वेळी मी रेडिओची वाहिनी मोकळी ठेवते. आत्याबाईच्या बोलण्यावर नियंत्रकाने बोलायचे नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा, आणि मी तो आजही पाळते. बनावट कॉकपिट असले म्हणून शिस्त बनावट होत नाही. तर मी पाहते, कॅप्टनांनी कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला, दांडी धरली. आणि त्यानंतर आत्याबाई बोलली!

यांना आधीच कळते. कोण सांगते?

सोमवार, ११ जून

अत्तरवाल्याला मी आज सरळ विचारले, "तुमचे वैमानिक ज्योतिष शिकलेत का?"

तो हसला. "ताई, आमचं यंत्रच असं आहे. ऐकणाऱ्याला आपोआप चपळ करतं."

"यंत्र बोलायच्या आधीसुद्धा?"

"तुम्ही भाषणं फार छान करता," तो म्हणाला. ज्याला उत्तर नसते तो स्तुती करतो.

केंद्राच्या संचालकांकडे जाऊन टेबलावर हात आपटला. आता चाचण्यांचा क्रम गणिती रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवतो आणि तो फक्त माझ्या पडद्यावर येतो. अत्तरवाल्याला काचेच्या आसपास फिरकायला बंदी. वैमानिकांचे फोन दारातच काढून घेतात. मिशाळ कॅप्टन फोन देताना म्हणाले, "ताई, मिशी पण ठेवून जाऊ का?"

इतके करूनही आजचे निकाल गेल्या आठवड्यापेक्षा चांगले.

गुरुवार, १४ जून

आज धाकटीची पाळी होती. तीही तशीच. आत्याबाई "व..." म्हणते आहे तोवर हिने अंगठ्याने बटण दाबून ऑटोपायलट तोडलेला.

जेवणाच्या सुट्टीत तिला जिन्यात गाठले. "खरं सांग. तुला कोणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

"दुसरं विमान कधी येणार ते."

"ताई, वेड लागलंय का तुला?"

"मग तुला आधी कसं कळलं?"

लहानपणी खोटे बोलताना तिची नजर जमिनीकडे जायची. आज तिने माझ्याकडे पाहिले. "कसं ते नाही सांगता येणार. कळतं. पोटात काहीतरी होतं आणि हात जातो."

"खऱ्या विमानात होतं का असं पोटात?"

"नाही गं. खऱ्या विमानात दचकायलाच होतं." मग हसून म्हणाली, "इथं तू असतेस ना, म्हणून असेल."

लाघवीपणा हिला लहानपणापासून जमतो. माझी बहीण आहे, पण पोटाचे कारण मी मान्य करणार नाही. पोटाला कोणीतरी सांगितलेले असते.

मंगळवार, १९ जून

विचार केला. अगदी शांतपणे, एकेक माणूस बाजूला काढत. अत्तरवाला क्रम पाहू शकत नाही. संचालकांना पडदा चालू करता येत नाही. दुसरे विमान कधी येणार हे या इमारतीत दोघांनाच माहीत असते, मी आणि गणिती.

उरला कोण?

त्याच्या खोलीत गेले. तो फळ्यावर काहीतरी खोडत होता.

"दोघांनाच माहीत असतं," मी म्हणाले.

"हो ताई. मीही तेच म्हणणार होतो."

"आणि तरी बाहेर जातं."

"जातंय खरं." त्याने खडू ठेवला. "पण मी नाही."

म्हणजे? म्हणजे मी? काल नोकरीला लागलेला हा पोरगेला माणूस मला सांगतो की मी? जिने या संघटनेच्या मंचावर तीन संचालकांना घाम फोडला, ती अत्तरवाल्याच्या गळाला लागली? मी त्याला जे सुनावले ते इथे लिहीत नाही. शेजारच्या खोलीतल्यांनी ऐकले असेलच. तो मध्ये एकदा काहीतरी बोलायला लागला होता. मी बोलू दिले नाही. चोराला सफाई देण्याची फार घाई असते.

शुक्रवार, २२ जून

घसा बसला. काल गेटवर सफाई कामगारांसाठी बोलले, लाउडस्पीकर बंद पडला, तरी मी बोलतच राहिले. आज तोंडातून हवा तेवढी निघते. संचालक म्हणाले, चाचणी थांबवायची नाही. माझ्या जागी खऱ्या टॉवरमधले दिवसभराचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आणले आणि ते अखंड लावून दिले. मी काचेमागे मुकाट बसले.

आणि सगळे कोसळले.

मिशाळ कॅप्टनांच्या हातात कप तसाच. आत्याबाई बोलली, ते दचकले, चहा मांडीवर. पाच सेकंद कधीच उलटून गेले होते. दुसरा वैमानिक तसाच. तिसरी धाकटी.

ती निवांत होती. कानात परक्या नियंत्रकाची बडबड चालू होती. ठिपके जवळ येत होते. मला घसा नव्हता. आत्याबाई म्हणाली, "वर जा," आणि धाकटीने मान उचलून आधी बाहेर पाहिले, मग हात नेला. पडद्यावर दोन ठिपक्यांचा एक ठिपका झाला.

पडदा तो पडदाच. तिथे आग नसते, आवाज नसतो. दोनाचा एक होतो, एवढेच. पण मी खुर्चीचे हात धरून बसले होते, ते मला नंतर सोडवेनात.

बाहेर आल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आज काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, ताई. तुझा आवाज नव्हता ना." माझ्यावर एवढा जीव आहे हे मला ठाऊक नव्हते.

आणि आता महत्त्वाचे: आज अत्तरवाला आला नव्हता. मेव्हण्याचे लग्न म्हणे. ज्या दिवशी तो नाही त्याच दिवशी वैमानिक सामान्य माणसांसारखे वागतात! कडी जुळली. गणिती क्रम देतो, अत्तरवाला पोचवतो. कसा ते शोधायचे राहिले.

सोमवार, २५ जून

संघटनेच्या कार्यकारिणीत बोलले. घसा आला आहे. नाव घेतले नाही, पण सगळे गणित्याकडे बघायला लागले, आणि तो खाली बघायला लागला. संचालकांनी संध्याकाळपर्यंत त्याची रवानगी सुट्या भागांच्या गोदामात केली. टाळ्या झाल्या.

जाताना माझ्या दाराशी थांबला. "ताई, एकच सांगतो. शुक्रवारचे निकाल बाजूला टाकू नका. बाकीचे टाका."

अपराधी माणूस जाता जाता काहीतरी शहाणपणाचे बोलतोच. मी मान फिरवली.

बुधवार, २७ जून

आता लिहायला लाज वाटते, पण डायरीशी लपवाछपवी कशाला. गणिती गोदामात आहे. अत्तरवाला संचालकांच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर. मी पुन्हा माइकवर. क्रम आता मी स्वतः चिठ्ठ्या टाकून ठरवला. इमारतीत मला एकटीला माहीत होता.

निकाल पुन्हा झकास. सगळे पाच सेकंदांच्या आत.

याचा अर्थ त्यांचा हस्तक अजून आत आहे. चहा आणणाऱ्या बाईंवर आता नजर ठेवली आहे. त्या काचेसमोरून जाताना बांगड्या वाजवतात.

अत्तरवाला संचालकांना म्हणाला, "शुक्रवारी साहजिक होतं, ध्वनिमुद्रण खराब होतं. तो दिवस धरायचा नाही." संचालकांनी मान डोलावली. मीही डोलावली असती, पण गणिती त्याच शुक्रवारबद्दल उलटे बोलला होता. हे दोघे जर एकाच टोळीतले, तर एकाने शुक्रवार ठेवा आणि दुसऱ्याने टाका का म्हणावे?

शनिवार, ३० जून

धाकटी जेवायला आली होती. टेबलाभोवती आम्ही चौघे: मी, नवरा, सासूबाई आणि ती. मी चहावाल्या बाईंची गोष्ट रंगवून सांगत होते. बांगड्यांची सांकेतिक भाषा वगैरे.

नवरा म्हणाला, "त्या बिचाऱ्या बाईंना तरी सोड. उद्या पंख्यावर संशय घेशील."

हे मला लागले. त्याला असे काही बोलायचे की आठवडाभर विनोद सुचता कामा नये, म्हणून मी शब्द जुळवू लागले. आणि गप्प झाले.

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापासून लांब सरकवला. कोणी कोणाकडे पाहिले नव्हते. आणि धाकटीचा डावा हात टेबलावर होता, त्यात काही नव्हते, तो हळूच मिटला, अंगठा आतल्या बाजूला दाबला गेला. ऑटोपायलट तोडताना दाबतात तसा.

मी काही बोललेच नाही.

"काय झालं?" नवरा म्हणाला. "टाक ना बॉम्ब. आम्ही तयार आहोत."

"तुम्हाला कसं कळलं मी बोलणार ते?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू गप्प झालीस ना."

मी धाकटीच्या हाताकडे बघत होते. तिनेही मग आपल्या हाताकडे पाहिले. तिला कळले, आणि मला कळल्याचेही कळले. "ताई," ती म्हणाली, "दुसरं विमान यायच्या आधी तू गप्प होतेस."

वाहिनी मोकळी ठेवते. शिस्त म्हणून.

सोमवार, २ जुलै

कळणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे. सकाळी मिशाळ कॅप्टनांना कोणालाही न सांगता कॉकपिटमध्ये बसवले. चहा दिला. पडद्यावर एकच ठिपका, त्यांचाच. दुसरे विमान नाहीच. मी वारा सांगितला, उंची सांगितली, कुठल्या तरी मालवाहू विमानाशी कडकडून भांडले. आणि मध्येच थांबले.

कप खाली. मिशीवरून हात. दांडी.

रिकाम्या आकाशात तो माणूस तयार होऊन बसला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "आत्याबाई झोपल्या का आज?"

"कॅप्टन, तुम्ही कप का ठेवलात?"

"ठेवला?" त्यांनी कपाकडे पाहिले. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हते.

कोणी फितूर नव्हते. कोणी काही पोचवत नव्हते. मी शोधत होते तो निरोप्या काचेमागे माइक घेऊन बसला होता, आणि ज्या ज्या दिवशी तो बसला त्या त्या दिवसाचा प्रत्येक आकडा खोटा आहे. खरा दिवस एकच, शुक्रवार. त्या दिवशी धाकटी मेली असती.

गोदामात गेले. गणिती खोक्यांमध्ये बसून काहीतरी लिहीत होता. मला पाहून उभा राहिला.

"तुला माहीत होतं."

"संशय होता. तुमचा माइक आणि त्यांची हालचाल एकाखाली एक ठेवून पाहिली होती. तुम्ही थांबता, मग ते हलतात, मग आत्याबाई बोलते."

"मग मला स्पष्ट का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुम्ही बोलत होता."

आयुष्यात मला इतके चोख उत्तर कोणी दिले नव्हते. मी त्याची माफी मागितली. गोदामात मागितली हे पुरेसे नाही, ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यासमोर मागायला हवी.

तिथून अत्तरवाल्याकडे. सगळे सांगितले. मला वाटले होते, हा तरी दचकेल. तो खुर्चीत मागे रेलला. "ताई, निकाल चांगले आहेत. वैमानिक खूश, संचालक खूश. उगाच कशाला उकरून काढता? नव्या चाचण्या म्हणजे पुन्हा वर्ष जाईल." आणि मग अत्तरासारखेच मऊ हसून, "बुधवारी मंचावर तुम्ही काही बोलूच नका. एवढं केलंत तरी चालेल."

या माणसाने काही चोरले नव्हते, हे मी मान्य करते. पण हातात आयते आलेले खोटे त्याला परत करायचे नाही. महिनाभर मी त्याच्यावर चुकीचा संशय घेतला. आजपासून बरोबर घेते.

मंगळवार, ३ जुलै

भाषण पूर्ण झाले. नवऱ्याला वाचून दाखवले. तो काहीच विनोद न करता म्हणाला, "लोक तुलाच हसतील." हसू देत. दात काढून टाकला आहे. आता त्याची जागा मी घेतली आहे. गणिती पहिल्या रांगेत बसणार आहे, मी स्वतः जाऊन बोलावले. उद्या हे असेच बोलायचे:

वैमानिकांनो आणि नियंत्रकांनो, आपली तक्रार एकच आहे. यंत्र चुकते आणि जाब आपल्याला विचारतात. आज मात्र यंत्राची नव्हे, माझी चूक सांगायला उभी आहे, आणि जाब मलाच विचारा.

तुम्ही काचेपलीकडे बसलात आणि पाच सेकंदांच्या आत हललात. तुम्ही चपळ आहात असे आकडे सांगतात. आकडे माझे आहेत आणि ते खोटे आहेत. तुम्हाला सावध आत्याबाईने केले नाही, मी केले. दुसरे विमान येण्याआधी मी गप्प होत होते आणि तुमचे हात ते ऐकत होते. मी एका निर्दोष माणसाला याच संघटनेच्या बैठकीत चोर ठरवले. तो या समोरच्या रांगेत बसला आहे. मी त्याची तुम्हा सर्वांसमोर क्षमा मागते.

ज्या एका दिवशी मी तिथे बोलत नव्हते, त्या दिवशी तुमच्यातले तिघे उशिरा हलले. एक ठिपका दुसऱ्यात मिसळला. त्यात माझी बहीण होती. तुम्हाला सांगतील, तो दिवस धरू नका. मी सांगते, तोच एक दिवस धरा! खऱ्या आकाशात तुमच्यासाठी कोणीही गप्प बसणार नाही. तिथल्या नियंत्रकालाही माहीत नसते की पुढच्या क्षणी काय होणार आहे. तिथे फक्त आत्याबाई असेल, आणि ती उशिरा बोलेल, कारण तिला शिकवले आहे की तुम्ही वाट बघत बसलेले असता, आणि माझ्या आकड्यांनी त्यावर शिक्का मारला.

थोड्या वेळात दोन ठराव वाचले जातील. पहिला, नव्या यंत्रणेला होकार देण्याचा. तेव्हा हात खालीच ठेवा. दुसरा, सगळ्या चाचण्या पहिल्यापासून घेण्याचा, आणि माइकवर अशी व्यक्ती बसवण्याचा, जिला दुसरे विमान कधी येणार हे ठाऊकच नाही. तो ठराव वाचला की माझ्याकडे बघू नका, मी बोलते की थांबते याची वाट बघू नका. हात वर करा.